नाव नवं की युक्ती नवी? अमेरिकी फुटबॉलमधल्या 'ऑप्शन'चा इतिहास



पेट किंवा नेट झाली, गाईड मिळाले आणि 'आधी लिटरेचर रिव्ह्यू करून आणा' असं सांगून तुम्हाला घरी पाठवलंय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या याच टप्प्यावर असतील. माझा पहिला रिव्ह्यू मॅडमनी परत केला होता. चाळीस पानं होती. अमुक यांनी या साली हे केलं, तमुक यांनी त्या साली ते केलं, अशी ओळीने रांग लावली होती. शेवटच्या पानावर मॅडमनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: "यात नाव कुठे नवं आहे आणि युक्ती कुठे नवी आहे?"

हा प्रश्न मला नीट कळला तो माझ्या विषयाबाहेरच्या एका उदाहरणामुळे. माझ्या प्रयोगशाळेतलं उदाहरण दिलं तर निम्मे वाचक दुसऱ्या परिच्छेदातच गळतील. म्हणून आज थेट अमेरिकेत जाऊ, तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये. या इतिहासात प्रत्येक सामन्याची तारीख आणि गुण नोंदलेले असतात, त्यामुळे एखादी कल्पना कुठून कुठे गेली हे तपासता येतं.

आधी खेळ समजून घेऊ

हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. दोन्ही बाजूंना 11-11 खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो चेंडू पुढे फेकतो, किंवा मागून धावत येणाऱ्या साथीदाराच्या हातात देतो. बाकीचे त्या साथीदारासाठी वाट मोकळी करतात, म्हणजे समोरच्या बचावपटूंना अंगाने अडवतात. याला ब्लॉक करणं म्हणतात.

आता साधं गणित करा. क्वार्टरबॅकने चेंडू दिला की त्याचं काम संपलं. चेंडू घेतलेला एक. अडवायला उरले 9, आणि समोर आहेत 11. म्हणजे दोन बचावपटू कायम मोकळे. ही तूट भरून कशी काढायची? ताकदवान खेळाडू आणायचे, हे एक उत्तर. पण ज्यांच्याकडे तसे खेळाडू नाहीत त्यांनी काय करायचं?

ऑप्शनचं उत्तर असं: एका बचावपटूला मुद्दाम अडवायचंच नाही. त्याला मोकळा सोडायचा आणि क्वार्टरबॅकने त्याच्यावर नजर ठेवायची. तो क्वार्टरबॅकवर धावून आला, तर चेंडू बाजूच्या साथीदाराकडे. तो साथीदाराकडे वळला, तर क्वार्टरबॅक स्वतः चेंडू घेऊन पळणार. निर्णय आधी घ्यायचाच नाही, समोरच्याने पाऊल उचलल्यावर घ्यायचा. मग तो काहीही करो, चूकच ठरतो. अंगाला हात न लावता एक माणूस कमी झाला. आणि त्याला अडवायला जो खेळाडू लागला असता, तो दुसरीकडे वापरायला मिळाला.

एवढी एक युक्ती लक्षात ठेवा. आता तिचा प्रवास बघू.

1941: बास्केटबॉलमधून आलेली कल्पना

मिसुरी विद्यापीठाचे प्रशिक्षक होते डॉन फॉरो. 1940 च्या हंगामानंतर त्यांचा लांब फेक करणारा हुकमी क्वार्टरबॅक पॉल ख्रिस्टमन कॉलेज संपवून गेला. आता नव्या पद्धतीने खेळणं भाग होतं. फॉरो स्वतः कॉलेजात असताना बास्केटबॉलही खेळले होते. दोन आक्रमक पळत येतायत आणि मध्ये एकटा बचावपटू, हा प्रसंग तुम्हीही शाळेच्या मैदानावर अनुभवला असेल. तो बचावपटू ज्याच्याकडे जाईल, त्याने चेंडू दुसऱ्याला द्यायचा. फॉरो यांनी हीच गोष्ट फुटबॉलमध्ये आणली. पुढच्या फळीतल्या खेळाडूंमधलं अंतर वाढवलं. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन फळीला समांतर धावू लागला, आणि टोकाच्या बचावपटूला बघून चेंडू ठेवू लागला किंवा बाजूच्या साथीदाराकडे टाकू लागला. या रचनेचं नाव स्प्लिट-टी.

1941 मध्ये धावून सर्वाधिक यार्ड मिळवणारा देशातला संघ मिसुरीच ठरला. पण हंगामाच्या शेवटी शुगर बोल सामन्यात ते फोर्डहॅमकडून 2-0 असे हरले. म्हणजे नव्या युक्तीला त्या दिवशी एकही गुण मिळाला नाही. पहिल्याच वर्षी सगळं सिद्ध झालं असं इतिहासात क्वचितच घडतं, हे जाता जाता नोंदवून ठेवा.

पुढे महायुद्ध. फॉरो नौदलात गेले आणि 1943 मध्ये आयोवा प्री-फ्लाइट या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्राच्या संघाचे प्रशिक्षक झाले. तिथे त्यांच्या हाताखाली दोन तरुण सहायक होते: जिम टेटम आणि बड विल्किन्सन. दोघेही स्प्लिट-टी तिथेच शिकले. युद्धानंतर टेटम ओक्लाहोमाला गेले, आणि 1947 पासून तो संघ विल्किन्सन यांच्याकडे आला. याच विल्किन्सन यांच्या ओक्लाहोमाने 1953 ते 1957 दरम्यान सलग 47 सामने जिंकले. हा विक्रम आजही कायम आहे.

आणि फॉरो? ते 1956 पर्यंत मिसुरीचे प्रशिक्षक होते, आणि विल्किन्सन यांच्या ओक्लाहोमाला ते एकदाही हरवू शकले नाहीत. कल्पना ज्याची, फळ त्यालाच मिळेल असं काही नसतं. तुमच्या संदर्भयादीत सर्वाधिक उद्धृत झालेला लेख आणि मूळ कल्पनेचा लेख एकच असेल असं गृहीत धरू नका.

1965 ते 1971: एकाचे दोन

स्प्लिट-टीमध्ये मोकळा सोडलेला बचावपटू एकच होता. आतून सरळ घुसणाऱ्या हाफबॅकला चेंडू द्यायचा की नाही, हे आधीच ठरलेलं असे. ह्यूस्टनचे प्रशिक्षक बिल योमन यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यात तो निर्णयही क्वार्टरबॅकवर सोपवला. आता आतला एक बचावपटू मोकळा आणि टोकाचाही एक मोकळा. आतला घुसणाऱ्या खेळाडूवर गेला नाही, तर चेंडू त्याला द्यायचा. गेला, तर चेंडू काढून घ्यायचा आणि पुढच्या मोकळ्या माणसाकडे बघायचं: ठेवायचा की टाकायचा? तीन पर्याय, म्हणून ट्रिपल ऑप्शन. रचनेचं नाव व्हीअर. 23 नोव्हेंबर 1968 रोजी ह्यूस्टनने टल्साला 100-6 असं हरवलं.

आपलं गणित पुन्हा मांडा. समोरचे दोन न अडवता बाद झाले, उरले 9. आपले तीन खेळाडू पर्यायांत गुंतलेले, अडवायला उरले 8. दोनाची तूट एकावर आली, आणि तो उरलेला एक बहुधा मैदानात खूप मागे उभा असतो. इथे नाव नवं होतंच, पण युक्तीतही खरी भर पडली होती.

त्याच 1968 मध्ये टेक्सास विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांचे सहायक एमरी बेलार्ड यांनी तीन धावपटू क्वार्टरबॅकच्या मागे इंग्रजी वाय अक्षरासारखे उभे केले. कोंबडीच्या छातीतल्या दुबेळक्या हाडासारखा आकार, म्हणून नाव विशबोन. ट्रिपल ऑप्शन तोच. फायदा असा, की तो डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच खेळता येत होता आणि पुढे वाट काढायला एक जादा माणूस मिळत होता. पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनशी 20-20 अशी बरोबरी. दुसऱ्यात टेक्सास टेककडून 31-22 ने हार. त्यांनी क्वार्टरबॅक बदलला, मधल्या फुलबॅकला थोडं मागे उभं केलं, पण मूळ विचार सोडला नाही. त्यानंतर सलग 30 विजय.

1971 च्या उन्हाळ्यात अलाबामाचे बेअर ब्रायंट यांनी रॉयल यांच्याकडून हीच रचना शिकून घेतली, गुप्तपणे सराव केला आणि पहिल्याच सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाला 17-10 असं हरवलं. त्याच वर्षी ओक्लाहोमाने विशबोन वापरून दर सामन्याला सरासरी 472 यार्ड धावून काढले.

बचावाचं उत्तर

बचाव गप्प बसला नाही. तू फक्त आत घुसणाऱ्याला धर, तू फक्त क्वार्टरबॅकला, तू फक्त बाहेरच्याला, अशी कामं वाटून दिली गेली. काही संघांनी टोकाच्या खेळाडूला जागेवरच रेंगाळायला शिकवलं. त्याने पाऊलच उचललं नाही, तर क्वार्टरबॅक वाचणार काय? तेवढ्या वेळात मागून मदत येते. शिवाय ऑप्शनचे स्वतःचे दोष होतेच. चेंडू सारखा हवेत टाकला की कधीतरी हातून निसटणार. आणि संघ खूप मागे पडला, तर धावत धावत गुण भरून काढायला वेळ पुरत नाही.

तरीही लष्करी अकादम्यांनी ही पद्धत टिकवली. भावी अधिकाऱ्यांना शरीराच्या वजनाची मर्यादा असते, त्यामुळे अवाढव्य खेळाडू तिथे येत नाहीत. पॉल जॉन्सन यांच्या नौदल अकादमीने 2007 मध्ये नोत्र दामला 46-44 असं हरवलं. त्याआधी त्यांच्याकडून ते ओळीने 43 वेळा हरले होते.

1990 नंतर: सारखं दिसलं म्हणजे नातं असतंच का?

1990 च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिगेझ प्रशिक्षक होते. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. सरावात चेंडू द्यायची गडबड झाली. क्वार्टरबॅकने पाहिलं, की टोकाचा बचावपटू आत धावलाय. तो चेंडू घेऊन बाहेरून पळाला. असं का केलंस, विचारलं तर म्हणाला, तो आत आला म्हणून. त्यातून झोन रीड आला: टोकाचा माणूस मोकळा सोडा आणि त्याला वाचा.

ओळखलंत? फॉरो यांचीच युक्ती. उभं राहण्याची जागा वेगळी, क्वार्टरबॅक मागे, फळीची अडवण्याची पद्धत वेगळी.

पण इथे थांबा. फॉरो ते विल्किन्सन किंवा रॉयल ते ब्रायंट, हा वारसा दाखवता येतो. कोण कोणाच्या हाताखाली होतं, कधी होतं, सगळं नोंदलेलं आहे. रॉड्रिगेझ यांची गोष्ट खरी मानली, तर इथे निदान त्या क्षणी वारसा नाही. तीच अडचण समोर आली आणि तेच उत्तर पुन्हा सापडलं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा फरक लगेच कळेल. वटवाघळाच्या पंखात आणि आपल्या हातात तीच हाडं आहेत, कारण पूर्वज एक. वटवाघूळ आणि फुलपाखरू दोघेही उडतात, पण पंख वेगवेगळ्या वाटेने आलेले. सारखेपणा दोन प्रकारचा असतो, आणि रिव्ह्यूमध्ये कोणता कुठे आहे हे पुराव्यानिशी सांगावं लागतं.

तुमच्या रिव्ह्यूसाठी

माझा रिव्ह्यू मी दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा सालवार रांग मोडली. प्रत्येक लेखापुढे तीन रकाने केले: अडचण कोणती, युक्ती कोणती, आणि आधीच्या युक्तीत नेमकी भर काय? स्प्लिट-टी: एक मोकळा माणूस. व्हीअर: दोन. विशबोन: तेच दोन, पण दोन्ही बाजूंना आणि जादा मदतीसह. झोन रीड: पुन्हा एक, नव्या जागेवरून. एवढं मांडलं की कोणी खरंच पुढे नेलं आणि कोणी नुसतं बारसं केलं, हे आपोआप दिसतं. माझ्या चाळीस पानांची सतरा झाली.

आणखी एक धोका. तुम्ही शोधयंत्रात फक्त 'झोन रीड' टाकलंत, तर 1941 तुम्हाला सापडणारच नाही. नावावरून शोधाल तर नावापुरताच इतिहास मिळेल. आपल्या विषयातली अडचण दोन साध्या वाक्यांत, एकही पारिभाषिक शब्द न वापरता लिहून बघा आणि त्या शब्दांनी शोधा. तुम्हाला 'नवीन' वाटणारी कल्पना पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्याच नावाने कुणी मांडलेली सापडेल कदाचित. वाईट वाटेल. पण ते व्हायव्हाला परीक्षकांकडून कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

काही शंका असतील तर खाली लिहा. भेटू पुढच्या लेखात.