जुनेच पत्र, नवा लखोटा

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील शेजारी तालुके. एकात रांजणगाव, दुसऱ्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि घोड-भीमेच्या काठच्या घरांतही बँक व ई-मेल आले. त्याच वाटेने एक जुना ठकही आत शिरला आहे. त्याचा पूर्वेतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

हा ठक संगणकाहून फार जुना. फ्रेंच पोलीस अधिकारी विदॉक याने १८२८ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तुरुंगातील कैद्यांची एक युक्ती नोंदवली आहे. धनिकांस पत्र धाडावयाचे, दडवलेल्या धनाचे आमिष दाखवावयाचे आणि ते हाती येण्यासाठी आधी थोडा खर्च मागावयाचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस अशीच पत्रे नायजेरियातून टपाल, फॅक्स व पुढे ई-मेलने जगभर गेली. तेथील फौजदारी संहितेच्या कलमावरून त्यांना ‘४१९’ हे नाव पडले. त्यांतील एखादी मरणोन्मुख विधवा देवाचे नाव घेऊन धर्मकार्यासाठी आपली संपत्ती देऊ करते. भाविक कुटुंबांनी अधिक सावध राहावे ते याचसाठी.

दुसरा प्रकार ‘फिशिंग’चा. बँकेच्या नावाने पत्र येते, खाते बंद पडण्याची भीती घालते आणि पासवर्ड काढून घेते. पुण्यातील एका उद्योजकाने अशा पत्रास उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. २०१३ साली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेस ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. उत्तर देणाऱ्या ग्राहकाकडे नुकसानीचा वाटा राहिला. परंतु ज्या खात्यांत पैसा वळला, ती उघडताना पुरेशी तपासणी न करणारी बँकही दोषी ठरली.

फसलेला माणूस एकटाच अपराधी नसतो, हे या निकालाने दाखवले. तरीही आपल्या घरांत लाजेपोटी मौन पाळले जाते आणि ठकाला हवा तो अवधी मिळतो. घाई, गुप्तता आणि आधी पैशाची मागणी, या त्याच्या खुणा ओळखाव्यात. पत्रातील दुवा न उघडता शाखेत जाऊन विचारावे. पासवर्ड वा ओटीपी कोणासही देऊ नये. पैसे गेलेच तर तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावे, म्हणजे ते पुढे सरकण्यापूर्वी रोखण्याची शक्यता राहते. वडीलधाऱ्यांस बोल लावणे नंतर. आधी हा फोन करावा.