चर्चच्या नावावरच्या गाड्या

रोझा पार्क्सची गोष्ट आता आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर, १ डिसेंबर १९५५ ची संध्याकाळ, दुकानातलं शिवणकाम आटोपून घरी निघालेली एक काळी बाई. तिने गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडली नाही, तिला अटक झाली. मग मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण झालं, लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आणि कायदा बदलला. पस्तीस मिनिटांच्या तासात ही गोष्ट एवढीच सांगून होते.

पण त्यात एक साधा हिशेब राहून जातो. बहिष्कार ३८१ दिवस चालला. बसच्या प्रवाशांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोक काळे होते, आणि त्यांतल्या कित्येक बाया शहराच्या दुसऱ्या टोकाला गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करायला जात. एक दिवस कामाला दांडी मारता येते. एक आठवडा पायी जाता येतं. वर्षभर हे लोक कामावर गेले कसे? पेट्रोलचे पैसे कुणी दिले? मला या चळवळीत सगळ्यात जास्त रस आहे तो इथे. आणि या प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की आपण दर वेळी एखाद्या चर्चच्या तळघरात किंवा अंगणात येऊन पोचतो.

तयारी आधीपासूनची होती. जो अ‍ॅन रॉबिन्सन या अलाबामा स्टेट कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवत. काळ्या शिक्षित बायकांची विमेन्स पोलिटिकल कौन्सिल नावाची संघटना होती, तिच्या त्या अध्यक्ष. त्यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून कळवलं होतं की बसमधली वागणूक सुधारली नाही तर लोक बसमध्ये बसणं सोडतील. मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीला अशाच कारणावरून अटक झाली. पुढाऱ्यांना ती मुलगी ‘योग्य’ वाटली नाही. पार्क्स यांच्या अटकेची बातमी कळली त्या रात्री मात्र रॉबिन्सन थांबल्या नाहीत. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबत घेऊन त्यांनी कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर रातोरात हजारो पत्रकं काढली : सोमवारी, ५ डिसेंबरला, कुणीही बसने जाऊ नये. ज्यांनी सायक्लोस्टाइलच्या प्रश्नपत्रिका सोडवल्यात त्यांना तो शाईचा वास आठवेल. सरकारी कॉलेजचा कागद, सरकारी कॉलेजचं मशीन. पकडल्या असत्या तर नोकरी गेली असती.

पत्रकं वाटली गेली, पण गावाला उठवायचं तर चर्च हवीत हे ई. डी. निक्सन यांना पक्कं ठाऊक होतं. निक्सन रेल्वेत पोर्टर होते, कामगार संघटनेतले जुने गडी. शुक्रवारी पहाटेपासून त्यांनी पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी डेक्स्टर अव्हेन्यू बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात बैठक भरली. अध्यक्षस्थानी होते एल. रॉय बेनेट, शहरातल्या निरनिराळ्या पंथांच्या पाद्र्यांच्या संयुक्त संघटनेचे प्रमुख. ते सुरुवातीला स्वतःच इतका वेळ बोलले की काही मंडळी कंटाळून उठून गेली. संयुक्त बैठका सगळीकडे सारख्याच!

इथे आपल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. बाहेरून बघणाऱ्याला सगळे ख्रिश्चन एकच वाटतात, जसे आपण बाहेरच्याला सगळे एकच वाटतो. प्रत्यक्षात बाप्टिस्ट वेगळे, मेथडिस्ट वेगळे, लुथरन आणखी वेगळे. बाप्तिस्मा कधी द्यायचा, पाद्री कुणी नेमायचा, प्रार्थना कशी करायची, यावर मतभेद. त्याशिवाय एक चर्च प्राध्यापक-डॉक्टरांचं, दुसरं मजुरांचं. डेक्स्टर अव्हेन्यूच्या शिष्ट मंडळींचं आणि होल्ट स्ट्रीटच्या कष्टकऱ्यांचं एरवी फारसं येणंजाणं नसे. आपल्याकडे मसलक आणि जमात यांच्यावरून ज्या भिंती उभ्या राहतात, त्याच जातीच्या या भिंती होत्या.

रविवारी, ४ डिसेंबरला, काळ्यांच्या चर्चमधून पाद्र्यांनी बहिष्काराची घोषणा केली. जुम्याच्या खुतब्यानंतर मशिदीत ऐलान होतो तशीच. सोमवारी बस जवळजवळ रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी कोर्टाने पार्क्स यांना १० डॉलर दंड केला, वर ४ डॉलर खर्च. दुपारी माउंट झायन चर्चमध्ये पुढारी जमले आणि माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन ही संघटना निघाली. काही पाद्र्यांचं म्हणणं पडलं की आपली नावं वर्तमानपत्रांत येऊ नयेत. निक्सन भडकले. ज्या बायका तुमच्या चर्चला पोसतात त्या उघड्यावर उभ्या आहेत आणि तुम्ही लपता, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. अध्यक्षपदी किंग यांची निवड झाली. वय २६, गावात येऊन जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष झालेलं. नवखे असल्यामुळे ते अजून कुठल्याच गटाचे झाले नव्हते, हेही त्यांच्या निवडीमागचं एक कारण होतं. रात्री होल्ट स्ट्रीट बाप्टिस्ट चर्चमध्ये सभा झाली. हजारो लोक आत मावेनात म्हणून बाहेर कर्णे लावले होते. मागण्या किती साध्या होत्या बघा : ड्रायव्हरने सभ्यपणे बोलावं, काळ्यांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून जागा भरत यावं आणि बसलेल्याला उठवू नये, काळ्यांच्या वस्त्यांतल्या मार्गांवर काळे ड्रायव्हर घ्यावेत. वेगळं बसवणंच बंद करा, एवढंही तेव्हा मागितलं नव्हतं.

पहिले काही दिवस काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये, लोकांना नेलं. शहराने लगेच किमान ४५ सेंट भाड्याचा नियम उगारला. तेव्हा किंग यांनी लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात टी. जे. जेमिसन या पाद्र्यांना फोन केला. १९५३ मध्ये जेमिसन यांनी तिथे बसवर बहिष्कार चालवला होता. तो थोडेच दिवस टिकला, पण खासगी गाड्यांतून लोकांना फुकट नेण्या-आणण्याची घडी त्यांनी बसवली होती. ती घडी जशीच्या तशी माँटगोमेरीत आली.

मग जे उभं राहिलं ते एखाद्या परिवहन खात्याच्या तोडीचं होतं. सुमारे तीनशे खासगी गाड्या. सकाळी कामावर निघणाऱ्यांसाठी चाळीसहून जास्त ठिकाणं, त्यांतली बरीचशी चर्चच्या दाराशी, कारण तिथे पहाटेच्या थंडीत आत बसता येई. संध्याकाळी परत आणण्यासाठी तितकीच वेगळी ठिकाणं. शहरातल्या गल्ल्या कोणत्या, कोण कुठे कामाला जातं, हे पोस्टमनांना तोंडपाठ. नकाशा त्यांच्या मदतीने आखला गेला. स्वतःच्या गाडीला कधी नोकराशिवाय कुणाला हात लावू न देणारे डॉक्टर मोलकरणींना मागच्या सीटवर बसवून नेऊ लागले. ट्रिनिटी लुथरन चर्चचे पाद्री रॉबर्ट ग्रेट्झ गोरे होते, पण त्यांचं चर्च काळ्यांचं. तेही सकाळी गाडी काढत.

सभा आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, आणि मुद्दाम फिरत्या चर्चमध्ये होत. आज बाप्टिस्टांकडे, पुढच्या वेळी मेथडिस्टांकडे. ज्याच्या दारात आपण कधी गेलो नाही त्याच्या बाकावर बसून लोक प्रार्थना करत, आणि तिथेच झोळी फिरे. वर्षभरात या लोकांना एकमेकांच्या चर्चची दारं, पायऱ्या, स्वयंपाकघरं माहीत झाली.

पैसा बाहेरूनही आला, पण रोजचं पेट्रोल बरंचसं आतून निघालं. जॉर्जिया गिलमोर एका खाणावळीत स्वयंपाकी होत्या. बहिष्काराच्या दोन महिने आधी एका ड्रायव्हरने त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले, मागच्या दाराने चढ म्हणाला, आणि त्या खाली उतरताच बस नेली. त्या दिवसापासून त्यांची बस बंद. त्यांनी मैत्रिणी जमवून तळलेली कोंबडी, पाय आणि केक विकायला सुरुवात केली आणि गटाचं नाव ठेवलं ‘द क्लब फ्रॉम नोव्हेअर’. ‘कुठूनच न आलेला’ क्लब. पैसे देणाऱ्यांत गोरी गिऱ्हाइकंही होती, काम जाण्याची भीती असलेल्या बायाही होत्या. कुणाचंच नाव कागदावर येऊ नये म्हणून हे नाव. मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावरच्या खटल्यात गिलमोर यांनी उघड साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. किंग यांच्या मदतीने त्यांनी घरीच खाणावळ काढली. पुढे चळवळीच्या कित्येक मसलती त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झाल्या.

सगळं गोडीगुलाबीनं चाललं असं मात्र समजू नका. जूनमध्ये संघटनेच्याच एका पाद्र्याने पैशांच्या गैरवापराचा जाहीर आरोप केला आणि काही दिवसांनी तो मागे घेतला. चंदा जिथे जमतो तिथे हे होतंच, आपल्याला काही नवीन नाही. संघटना त्यातून टिकली.

शहराने आता गाड्यांवर नेम धरला. ड्रायव्हरांना खऱ्या-खोट्या कारणांनी चलान. मग विमा. गाड्यांचे विमे एकामागून एक रद्द होऊ लागले. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती. अखेर टी. एम. अलेक्झांडर या अटलांटाच्या काळ्या विमा एजंटाने थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवून दिला. देणग्यांतून डझनाहून जास्त मोठ्या स्टेशन वॅगन घेतल्या गेल्या आणि निरनिराळ्या चर्चच्या नावांवर नोंदवल्या गेल्या. दारावर चर्चचं नाव रंगवलेल्या या गाड्यांना लोक ‘चाकांवरची चर्च’ म्हणू लागले. फेब्रुवारीत बहिष्काराविरुद्धच्या १९२१ च्या एका कायद्याखाली ८९ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांत पाद्री पुष्कळ. किंग यांच्या घरावर जानेवारीत बाँब पडला होता, निक्सन यांच्या घरावर दोन दिवसांनी, ग्रेट्झ यांच्या घरावर ऑगस्टमध्ये.

आणि गोऱ्यांची चर्च? तीच बायबल, तोच येशू, पण दोन-चार माणसं सोडली तर तिथे शांतता होती. ज्युलिएट मॉर्गन नावाच्या गोऱ्या ग्रंथपाल बाईने डिसेंबरातच स्थानिक वर्तमानपत्रात पत्र लिहून या बहिष्काराची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली. तिला त्याचा फार त्रास सोसावा लागला. धर्म एक असल्याने माणसं आपोआप एकत्र येत नाहीत हे मला या गोऱ्या चर्चकडे पाहून जास्त कळतं.

१३ नोव्हेंबर १९५६ ला शहर कोर्टात गाड्यांची व्यवस्थाच बंद करण्याचा हुकूम मागत होतं, आणि त्याच दिवशी वॉशिंग्टनहून बातमी आली की सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. त्या दाव्यातल्या चार वादी बायकांमध्ये क्लॉडेट कोल्विन होती, ती ‘योग्य’ न वाटलेली मुलगी. निकालाचा कागद हातात यायला महिना लागला. गाड्यांवर बंदी आलीच होती, त्यामुळे शेवटचे पाच आठवडे लोक चालले किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधाराने गेले.

त्या आठवड्यांत चर्चमध्ये काय चालू होतं? वेदीसमोर खुर्च्या बसमधल्यासारख्या ओळीने मांडल्या. कुणी ड्रायव्हर झालं, कुणी तिरसट गोरा प्रवासी. शिवी दिली, धक्का मारला तर काय करायचं याची लोकांनी तालीम केली. बीएडला आम्ही सूक्ष्म अध्यापनाचे पाठ असेच वर्गमैत्रिणींना खोटे विद्यार्थी करून घ्यायचो, म्हणून ही तालीम मला फार जवळची वाटते. २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये चढले, पुढच्या दाराने. १० जानेवारी १९५७ च्या पहाटे चार बाप्टिस्ट चर्चवर आणि दोन पाद्र्यांच्या घरांवर बाँब पडले. हल्लेखोरांना या लढ्याचा पाया कुठे आहे ते बरोबर कळलं होतं.

१९५९ मध्ये किंग भारतात आले तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले. त्यांच्या त्या मुक्कामाबद्दल आपण कौतुकाने बोलतो. मला मात्र पोस्टमनांनी आखलेला नकाशा आठवतो. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे मशिदी, मदरसे, मठ, मंगल कार्यालयं सगळी उघडली गेली, कोरोनात काही मशिदींतून ऑक्सिजनचे सिलिंडर गेले. आठ दिवस आपण सगळे उत्तम करतो. नवव्या दिवशी हिशेब कुणाकडे, किल्ली कुणाकडे, शेजारच्या मशिदीच्या सदराचा फोन नंबर आपल्याकडे आहे का, यावर गाडी अडते. माँटगोमेरीच्या पाद्र्यांकडे तो नंबर होता, कारण बहिष्काराच्या आधीपासून ते, कंटाळवाण्या का होईना, एकत्र बैठका घेत होते.

गिलमोर शेवटपर्यंत स्वयंपाक करत राहिल्या. मार्च १९९० मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला २५ वर्षं होत होती. त्यासाठी चालत येणाऱ्यांना जेवायला म्हणून त्यांनी कोंबडी आणि मॅकरोनी करायला घेतली, आणि त्यातच त्या वारल्या. घरच्यांनी तेच जेवण समाचाराला आलेल्यांना वाढलं.