चिमूर १९४२ : एक क्रांतिकारक, चार ओळी

१/ १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. ‘छोडो भारत’च्या आंदोलनात चिमूर पेटून उठले. गोळीबारात किशोरवयीन बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. लोकक्षोभात काही सरकारी अधिकारीही मारले गेले. पाठोपाठ लष्कर आले, धरपकड झाली, खटले चालले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. देशभरातून मागणी झाल्यावर उरलेल्या फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलण्यात आल्या.

२/ या लढ्यात नेमकी किती माणसे होती? उत्तर साधे नाही. एकच व्यक्ती खटल्याच्या कागदांत, तुरुंगाच्या नोंदवहीत, १९७२ पासूनच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाच्या यादीत आणि चरित्रकोशात येऊ शकते. चारही याद्या एका एक्सेलमध्ये आणल्या की एका माणसाच्या चार ओळी होतात.

३/ दुबार नोंदी काढण्याची सोय एक्सेल २००७ पासून आहे आणि ती मॅक्रोतूनही चालवता येते. नाव, गाव, जिल्हा असे रकाने नेमून दिले की त्या सर्व रकान्यांत जुळणाऱ्या ओळींपैकी पहिली राहते, बाकीच्या पुसल्या जातात. मॅक्रोने पुसलेले ‘अनडू’नेही परत येत नाही.

४/ पहिली अडचण भूगोलाची. १९४२ चे चिमूर मध्य प्रांत व वऱ्हाडातील चांदा जिल्ह्यात होते. राज्य १९५० मध्ये मध्य प्रदेश, १९५६ मध्ये मुंबई, १९६० मध्ये महाराष्ट्र झाले. ‘चांदा’चे ‘चंद्रपूर’ झाले. १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. जिल्ह्याचा रकाना धरला, तर मॅक्रोच्या लेखी चांद्याचा माणूस आणि चंद्रपूरचा माणूस निराळे.

५/ दुसरी अडचण लिपीची. ‘कऱ्हाडे’मधला ऱ्ह युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना शब्द एकच, यंत्राला दोन. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर तर आतून रोमन अक्षरेच असतो.

६/ तिसरी अडचण उलट दिशेची, आणि अधिक गंभीर. केवळ नाव, आडनाव व गाव धरले, तर एकाच गावातील दोन चुलतभाऊ एक ठरू शकतात. त्यांना वेगळे ओळखण्याची खूण मराठी नावाच्या मध्यभागी असते : वडिलांचे नाव. तो रकाना वगळला की एक माणूस इतिहासातून नाहीसा होतो.

७/ शिवाय दुबार ओळ निरुपयोगी नसते. खटल्याच्या कागदात आरोप असतो, तुरुंगाच्या वहीत सुटकेची तारीख, निवृत्तिवेतनाच्या यादीत नंतरचा पत्ता. तीन ओळी पुसणे म्हणजे त्या माणसाचे पाऊण चरित्र पुसणे.

८/ म्हणून मूळ तक्ता जसाच्या तसा जपावा. प्रतीत ‘साधन’ हा रकाना ठेवावा, नावे व जिल्हे एकरूप करून शेजारच्या नव्या रकान्यात लिहावेत. मॅक्रोने संशयित जुळण्या फक्त रंगवाव्यात. वडिलांचे नाव, वय, शिक्षा ताडून निर्णय अभ्यासकाने घ्यावा आणि एकाच व्यक्तीच्या सर्व ओळींना एकच क्रमांक द्यावा. माणसांची संख्या त्या क्रमांकांवरून मोजावी.

९/ संख्या फुगली तर चिमूरच्या लढ्यावर शंका घेणाऱ्यांना आयते निमित्त मिळते. घटली तर कुणाचा तरी तुरुंगवास नोंदीतून जातो. मॅक्रो हे काम काही क्षणांत उरकतो. दोन ओळी म्हणजे एक माणूस की दोन, हे मात्र कागद वाचूनच ठरते. (समाप्त)