फिश टँकमधली झाडं जगवायचीत? मग लाईट कोणता घ्यायचा आणि त्यासाठी किती खर्च करायचा?

इन्स्टाग्रामवर एक रील दिसते. काचेच्या टँकमध्ये हिरवंगार जंगल, मधून फिरणारे निऑन टेट्रा, वरून पडणारा स्वच्छ पांढरा उजेड. तुम्ही ती सेव्ह करता. पुढच्या रविवारी दोन फुटी टँक, चार झाडं आणि सहा मासे घरी येतात. तीन आठवड्यांनी झाडांची पानं विरघळलेली असतात, काचेवर हिरवा थर असतो आणि दुकानदार सांगतो, "भाऊ, लाईट कमी पडते तुमचा. हा मोठा घेऊन जा."

मनीषनगरमधल्या माझ्या खोलीत हेच झालं. टँकसोबत आलेला निळसर लाईट काढून मी जांभळा 'ग्रो लाईट' आणला. तो पुरेना म्हणून दिवसातून बारा तास चालू ठेवला. त्यातून मिळालं ते फक्त शेवाळ. नंतर कळलं की पैसे वाचवायची खरी जागा लाईटच्या किमतीत नव्हतीच. गरजेपेक्षा जास्त लाईट घेतला की त्याच्या मागे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर येतो, खतं येतात आणि शेवाळ मारायची औषधं येतात. खरा खर्च तो असतो.

तर नेमकं काय बघायचं?

आधी झाडं, मग लाईट

झाडाला वाढायला उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि खत, तिन्ही लागतं. यातलं जे सगळ्यात कमी असेल, त्याच्या वेगानं झाड वाढतं. लाईट म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर समजा. तो दाबला की झाडाची बाकी दोन गोष्टींची भूक वाढते. साध्या टँकच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड फार नसतो. त्यामुळे जोरदार लाईटखाली झाड उपाशी राहतं आणि कमी खाण्यावर भागवणारं शेवाळ पसरतं.

म्हणून सिलिंडर लावायचा नसेल तर कमी उजेडात जगणारी झाडं निवडा. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस आणि क्रिप्टोकोरीन वेंडटी ही त्यातली नेहमीची नावं. अनुबियास आणि जावा फर्नचा जाड आडवा कंद वाळूत पुरू नका, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधा. पुरला की तो सडतो आणि दोष लाईटवर जातो. रीलमध्ये दिसणारी लाल झाडं आणि गालिच्यासारखं गवत हा वेगळा खेळ आहे, त्याचं बजेटही वेगळं.

हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट (शास्त्रीय नाव सेराटोफायलम) ही झाडं तर आपल्या विदर्भाचीच आहेत. भंडारा-गोंदियातल्या माजी मालगुजारी तलावांत, म्हणजे लोकांच्या भाषेत मामा तलावांत, ती पाण्याखाली वाढतात. तिथे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था धीवर समाजाच्या लोकांसोबत तलावातली बेशरम काढून अशा देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचं काम करते, कारण माशांचं खाणं आणि लपण्याची जागा त्यांच्यावरच अवलंबून आहे. बोअरच्या जड पाण्याचं या झाडांना वावडं नाही. बेसा-मनीषनगर भागात बोअरचंच पाणी टँकमध्ये टाकणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. दुकानात 'बकोपा' म्हणून विकलं जाणारं एक झाड म्हणजे आपली ब्राह्मी. तिला मात्र थोडा जास्त उजेड लागतो.

(तलावातून झाड उपटून आणू नका. सोबत गोगलगायी आणि जळवा येतात. आणि घरचं छाटलेलं झाड फुटाळ्यात किंवा अंबाझरीत टाकू नका.)

खोक्यावर काय वाचायचं?

वॅट म्हणजे लाईट किती वीज खातो. उजेड किती देतो हे त्यावरून कळत नाही. अमुक लिटरला अमुक वॅट हा जुना हिशोब ट्यूबलाईटच्या काळातला. एलईडी आल्यावर त्याला अर्थ उरला नाही.

बघायचे ते लुमेन. हा उजेडाचा आकडा, खोक्यावर छापलेला असतो. बाजारातला बरा एलईडी एका वॅटला साधारण १०० लुमेन देतो. कमी उजेडाच्या झाडांना एका लिटरमागे १५ ते २० लुमेन पुरतात. मध्यम झाडांना २० ते ४०. त्याच्या वर गेलात की सिलिंडरशिवाय निभत नाही. हा ठोकताळा आहे, कायदा नाही. टँक उंच असेल तर तळाशी उजेड कमी पोचतो, म्हणून एक फूट उंचीचा टँक स्वस्तात पडतो.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. लुमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशोबानं मोजतात आणि आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त जाणवतो. झाडं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळाच उजेड वापरतात. त्याचं माप म्हणजे 'पार', पण ते मोजायचं यंत्र तुमच्या अख्ख्या टँकपेक्षा महाग असतं. पांढऱ्या लाईटसाठी लुमेनवर काम भागतं. जांभळ्या लाईटला हा हिशोब लावू नका. तो झाडं वाढवतो, पण त्याच्याखाली मासे आजारी दिसतात आणि तुम्हाला टँककडे बघावंसं वाटत नाही.

तिसरा आकडा केल्विन, म्हणजे रंगाची छटा. खोक्यावर 'कूल डेलाईट ६५००के' लिहिलेला घ्या. ४००० चाही चालतो, फक्त पाणी जरा पिवळसर दिसतं. टँकच्या झाकणात मिळणारा निळा 'मून लाईट' झाडांच्या कामाचा नाही. रात्रभर तो सुरू ठेवला तर माशांची झोप मोडते.

दोन फुटी टँकचा हिशोब

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणून हा टँक ५६ लिटरचा. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी उरतं साधारण ५० लिटर. गुणिले २० म्हणजे १००० लुमेन.

हजार लुमेन म्हणजे किती? बर्डीच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी दोन फुटी, १० वॅटची एलईडी बॅटन. बस, तेवढंच. काहीशे रुपयांचा मामला. फिश टँकच्या दुकानात याच ताकदीच्या पट्टीला कितीतरी जास्त मोजावे लागतात, कारण तिच्यावर 'अ‍ॅक्वेरियम' लिहिलेलं असतं. जास्तीच्या पैशात कधी पाण्यापासून संरक्षण, चांगले रंग आणि स्टँड मिळतो, कधी काहीच मिळत नाही.

साधा एलईडी इतका स्वस्त कसा झाला, याचीही एक गोष्ट आहे. पांढरा एलईडी म्हणजे खरं तर निळा एलईडी, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. तो निळा एलईडी बनवल्याबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातल्या एकाचं आडनाव अमानो. गंमत म्हणजे प्लांटेड टँकचा छंद जगभर नेणाऱ्या जपानी छायाचित्रकाराचं आडनावही अमानोच, पण ते ताकाशी आणि नोबेलवाले हिरोशी. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि सरकारनं घाऊक खरेदी सुरू केली. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. आज तुमच्या अनुबियासला त्याचाच फायदा मिळतोय.

टँक तीन फुटी आणि दीड फूट उंच असेल तर पाणी ११५ लिटरच्या आसपास. तिथे दोन फुटी दोन बॅटन शेजारी शेजारी, किंवा बाहेर भिंतीवर लावतात तसे १०-१० वॅटचे दोन फ्लड लाईट. एकच मोठा फ्लड मध्यभागी लावला तर मधलं झाड भाजतं आणि कोपरे अंधारात राहतात. फ्लड लाईटवर 'आयपी ६५' लिहिलेलं असेल तर तो पाण्याचे शिंतोडे सोसतो. साधी बॅटन सोसत नाही.

हे वाचल्याशिवाय बॅटन लावू नका

घरगुती बॅटन कोरड्या भिंतीसाठी बनवलेली असते. टँकवर खालून सतत वाफ येते. म्हणून मध्ये काचेचं झाकण हवंच आणि बॅटन त्या झाकणाच्या वर, नीट बांधलेली हवी. नुसती ठेवलेली बॅटन एक दिवस पाण्यात पडते.

वायर सॉकेटकडे नेताना आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या आणि मग वर न्या. वायरवरून ओघळणारं पाणी त्या खालच्या वळणावरून जमिनीवर टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. घरात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी आहे का ते बघा. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि टँकमध्ये हात घालण्याआधी लाईट, फिल्टर, हीटर सगळे प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

आता झाकणाची काच. बोअरच्या पाण्यानं तिच्यावर पांढरा थर चढतो आणि उजेड अडतो. लाईट जुना झाला म्हणून बदलण्याआधी काच लिंबानं किंवा व्हिनेगरनं घासून बघा.

किती तास?

सुरुवातीला सहा. महिनाभर शेवाळ आटोक्यात राहिलं तर सात-आठ. त्यापेक्षा जास्त नको. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर टँकची जागा बदला, त्या उजेडावर तुमचा ताबा नसतो.

टायमर जरूर लावा. चाकावर दात असलेला साधा टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की तो थांबतो. दोन तास वीज गेली तर लाईट दुसऱ्या दिवसापासून दोन तास उशिरा लागतो. बॅटरीवाला डिजिटल टायमर घड्याळ चुकवत नाही.

विजेच्या बिलाची काळजी सोडा. १० वॅटचा लाईट रोज सात तास चालला तर महिन्याला २.१ युनिट होतात. २०० वॅटचा कूलर दहा तासांत, म्हणजे एका रात्रीत, दोन युनिट खातो.

पानं गळली म्हणजे लाईट कमी पडला का?

बहुतेक वेळा नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. नर्सरीत अनेक झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. टँकमध्ये गेल्यावर ती जुनी पानं टाकतात आणि पाण्याखालची नवी पानं काढतात. क्रिप्टोकोरीन तर जागा बदलली तरी विरघळते. मूळ घट्ट असेल तर तीन-चार आठवडे थांबा. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत काचेवर येणारा तपकिरी थरही आपोआप कमी होतो.

उजेड खरंच कमी असेल तर देठ लांब होतो, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि खालची पानं गळतात. जास्त असेल तर काचेवर हिरवे ठिपके दिसतात, पानांच्या कडांना केसासारखं शेवाळ येतं आणि अनुबियासच्या जुन्या पानांवर डाग पडतात. स्वस्त लाईटचा उजेड कमी करायचं बटण नसतं. तो दोरीनं थोडा वर टांगा, किंवा पाण्यावर तरंगणारी थोडी झाडं सोडा. काहीही बदललं तरी दोन आठवडे पुन्हा हात लावू नका.

आणि नागपूरचा मे महिना

बाहेर ४५ अंश असताना टँकचं पाणी ३३-३४ वर सहज जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, झाडांचा आणि माशांचा श्वास मात्र वाढतो. रात्री उजेड नसताना झाडंही ऑक्सिजनच घेतात. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. उन्हाळ्यात एअर पंप रात्रभर चालू ठेवा.

लाईटची वेळ दुपारवरून काढून संध्याकाळी सहा ते रात्री अकरा करा. ऑफिसमधून आल्यावर टँक बघायलाही मिळतो. जावा फर्न आणि मॉस तिशीच्या वर कुरकुरतात, व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला बरंच सोसतात.

पाण्यावर तिरका छोटा पंखा लावला की बाष्पीभवन होतं आणि तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. माठ आणि कूलर ज्या तत्त्वावर चालतात, तेच हे. त्यासाठी झाकण अर्धं उघडावं लागतं, म्हणून पंखा असेपर्यंत बॅटन काढून आयपी ६५ चा फ्लड टांगा. उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी टाकत राहिलात तर क्षार साठत जातात. रोजची भर आरओच्या पाण्यानं घाला आणि आठवड्याचं पाणी बदलताना नेहमीचं वापरा. पाऊस लागून हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग उरत नाही. तेव्हा तो काढा, काच पुसून झाकण परत ठेवा आणि बॅटन पुन्हा लावा.