गोल्फचे उस्ताद आणि त्यांची अवजारे

स्कॉटलंडातील गोल्फच्या प्राचीनत्वाचा पहिला सरकारी दाखला त्या खेळावरील मनाईहुकुमातच सापडतो. धनुर्विद्येच्या सरावाकडे रयतेचे दुर्लक्ष होते, या सबबीवर दुसऱ्या जेम्सच्या पार्लमेंटाने १४५७ साली फुटबॉलबरोबर गोल्फलाही बंदी केली होती. परंतु हा खेळ शिकावा कसा, फटका मारताना उभे राहावे कसे, याविषयीचा ज्ञात असलेला सर्वांत जुना लेखी विचार त्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, एडिंबरोच्या टॉमस किंकेड या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८७ साली लिहिलेल्या रोजनिशीत आढळतो. पट्टा खेळताना घ्यावा तसा पवित्रा घ्यावा, गुडघे किंचित वाकवावेत, अंगातील स्नायू ताठ ठेवावेत आणि चेंडू छातीसमोर, परंतु थोडा डाव्या पायाकडे असावा, असे तो स्वतःलाच बजावतो. त्यातील ताठ स्नायूंचा उपदेश आजचा कोणताही शिक्षक ऐकून घेणार नाही. मात्र चेंडूच्या जागेविषयीचे त्याचे म्हणणे अद्याप मोडीत निघालेले नाही.

किंकेडनंतर दीडशे वर्षे ही विद्या कागदावर फारशी आलीच नाही, कारण ती ज्यांच्या हाती होती ते लेखणीचे धनी नव्हते. सेंट अँड्र्यूज, लीथ, मसलबरा येथील कारागीर बैलाच्या कातड्याची पिशवी शिवीत, तीत उकडलेली पिसे कोंबीत आणि ती ओली असतानाच तोंड शिवून टाकीत. मग वाळताना कातडे आकसे, पिसे फुगत आणि चेंडू दगडासारखा टणक होई. दिवसभर राबूनही एका माणसाच्या हातून असे तीन-चारच चेंडू होत, त्यामुळे त्यांची किंमत भारी असे आणि लोखंडी क्लबाचा एखादा चुकार घाव त्या महागड्या शिवणीचा सत्यानाश करी. म्हणून लोखंडी क्लब अडचणीच्या जागेपुरताच बाहेर निघे. एरव्ही लांब, लवचीक दांड्याच्या लाकडी क्लबाने, देहाभोवती आडवा वळसा घेऊन, चेंडू हिरवळीवरून झाडून न्यावा तसा मारण्याची रीत होती. हीच कारागीर मंडळी आणि त्यांच्या बरोबरीचे कॅडी सरदार-जमीनदारांचे क्लब वाहत, त्यांच्याबरोबर खेळत आणि मेहनताना घेऊन त्यांना शिकवीतही. शागीर्द खानदानी आणि उस्ताद चाकर, असा हा उलटा दस्तूर होता. ज्याला हुकूम सोडण्याची सवय, त्याने चाकराचे ऐकून किती सुधारावे, हा प्रश्न त्या काळी अनेकांना छळीत असला पाहिजे.

या मंडळींत ॲलन रॉबर्टसन अग्रगण्य. पहिला धंदेवाईक गोल्फपटू म्हणून इतिहासकार त्याचेच नाव घेतात. मलायातील एका वृक्षाच्या चिकापासून बनलेला गटापर्चाचा स्वस्त चेंडू १८४८ च्या सुमारास बाजारात आला, तेव्हा आपला धंदा बुडणार हे ओळखून ॲलनने त्या चेंडूशी उघड वैर धरले. आणि त्याच्याच कारखान्यात तयार झालेला टॉम मॉरिस तो नवा चेंडू खेळताना आढळला, तेव्हा दोघांत असा बेबनाव झाला की टॉम वेगळा झाला आणि १८५१ साली प्रेस्टविकला नोकरीस गेला. पुढे ॲलननेही नवा चेंडू पत्करला, आणि लोखंडी क्लबाने जवळचे फटके साधण्याची रीत रुळविण्यात तोच पुढे होता. चेंडू बदलला, त्यासरशी शिकवणही बदलली.

पहिले शिक्षणपुस्तक निघाले ते याच संधिकाळात, १८५७ साली, आणि तेही कोणा उस्तादाचे नव्हे. टोपणनावाने ते लिहिणारा हेन्री ब्रूम फार्नी पुढे लंडनच्या रंगभूमीसाठी संगीतिकांच्या संहिता लिहून गाजला. नंतर १८८७ साली सर वॉल्टर सिम्प्सन यांनी आपल्या पुस्तकात क्षणचित्रे छापून फटक्याचे टप्पे दाखविले. मात्र फटका चालू असताना मनात विचार शिरला की फटका बिघडतो, हे तेच गृहस्थ बजावून सांगत होते. चित्रे पाहून अंगाचा प्रत्येक सांधा तपासण्याचा जो छंद पुढे नवशिक्यांना जडला, त्याची सामग्री आणि त्यावरचा इशारा एकाच ग्रंथातून यावीत, ही मौज आहे. धंदेवाईक खेळाडूंनी लेखणी धरली ती त्यानंतर. धाकट्या विली पार्कचे पुस्तक १८९६ चे, आणि सहा वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनचे १९०५ चे. उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर टेकवण्याची व्हार्डनच्या नावाने चालणारी पकड जॉनी लेडले त्याच्या आधीच वापरीत होता, परंतु कीर्ती जेत्याला मिळाली.

या सर्वांत माझा ओढा अर्नेस्ट जोन्सकडे आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जखमी होऊन त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तरी पुन्हा मैदानावर येऊन तो उत्तम खेळू लागला, आणि ज्या पायांच्या ठेवणीवर ग्रंथकारांनी प्रकरणेच्या प्रकरणे खर्ची घातली होती ते फटक्याचे मूळ नव्हेत, असा त्याने निष्कर्ष काढला. पुढे न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, चार भिंतींच्या आत, तो शिष्यांसमोर रुमालाच्या टोकाला चाकू बांधून झुलवी. हात सलग झुलला तर रुमाल ताणलेला राहतो, हिसका दिला की ढिला पडतो. क्लबाचे टोक असेच झुलवा, बाकीचे अवयव मागोमाग येतील, एवढेच त्याचे सांगणे होते. नवशिक्याला याहून उपयुक्त धडा मला तरी ठाऊक नाही, कारण तो चुकला की नाही हे शिष्याला गुरूवाचून कळते.

दरम्यान अवजार पुन्हा पालटले. हिकरीच्या लाकडाचा दांडा फटक्यात पिळवटला जाई आणि तो पीळ मनगटांनी सांभाळावा लागे. सेंट अँड्र्यूजच्या अधिकाऱ्यांनी १९२९ साली पोलादी दांड्याला मान्यता दिली, आणि टेक्सासच्या बायरन नेल्सनने पायांचा जोर लावणारा नवा स्विंग त्या दांड्याभोवती बसवला. तरी हिकरीच्या काळातील मनगटांच्या करामती शिकवणारी पुस्तके काही जप्त झाली नाहीत.

अमेरिकन गोल्फपटू बेन होगनचे पाच धड्यांचे पुस्तक १९५७ साली आले. अँथनी रॅव्हिएलीच्या चित्रांमुळे ते आजही नवशिक्यांच्या हाती प्रथम पडते. परंतु होगनची जुनी व्याधी होती ती डावीकडे गर्रकन वळणारा चेंडू, आणि त्याची पकड मुख्यतः त्या व्याधीवरचा उतारा होती. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेक नवशिक्यांचा चेंडू मात्र उजवीकडे पळतो, आणि ती पकड जशीच्या तशी उचलली तर तो आणखी उजवीकडे पळण्याचीच शक्यता अधिक.