‘टन’ आणि घर : केंद्रीय वातानुकूलनातील मापनाचा इतिहास

तंत्रविद्येतील संज्ञांचा इतिहास हा पुष्कळदा त्या विद्येच्या इतिहासाचाच संक्षेप असतो. एखादे साधन कोणत्या गरजेतून जन्मास आले, त्याचे मोजमाप प्रथम कशावरून केले गेले, आणि पुढे व्यवहारात त्यातील काय टिकले व काय विस्मृतीत गेले, ह्याच्या खुणा त्याच्या परिभाषेत राहून गेलेल्या असतात. घरगुती वातानुकूलनाच्या बाबतीत ‘एअर कंडिशनिंग’ आणि ‘टन’ ह्या दोन संज्ञा ह्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहेत. दुकानात ‘दीड टनाचा एसी’ मागणाऱ्या ग्राहकास हे यंत्राचे वजन नव्हे एवढे ठाऊक असते. ते कशाचे माप आहे, हे मात्र सहसा ठाऊक नसते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संपूर्ण घरासाठी एकच केंद्रीय यंत्र बसविण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. योग्य क्षमतेचे यंत्र निवडण्याचे शास्त्रही तेथेच सिद्ध झाले. आणि तरीही व्यवहारात गरजेहून मोठी यंत्रे बसविली जात राहिली. असे का झाले, ह्याचा उलगडा बऱ्याच अंशी ह्या दोन संज्ञांच्या अर्थविस्मरणातून होतो.

प्रथम ‘टन’ हा शब्द घेऊ. इंग्रजीत त्याचे मूळ मद्याच्या मोठ्या पिंपाच्या नावात आहे. पिंपाचे नाव त्यातील मालाच्या वजनास मिळाले आणि वजनाचे नाव पुढे बर्फाच्या द्वारा शीतनाच्या मापास मिळाले. एकोणिसाव्या शतकात बर्फ हा सागरी व्यापाराचा माल होता. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर ह्या व्यापाऱ्याने १८०६ साली मार्टिनिक बेटावर बर्फ पाठविण्यास आरंभ केला. १८३३ मध्ये त्याचे ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले; पोचले तेव्हा त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होता. मुंबईतही ह्या बर्फासाठी बर्फघर उभे राहिले, आणि मद्रासचे १८४२ मधील बर्फघर ‘विवेकानंदर इल्लम’ ह्या नावाने आजही उभे आहे. पुढे यंत्राने शीतन होऊ लागले, तेव्हा नव्या यंत्राचे सामर्थ्य जुन्या मालाच्या भाषेत सांगणे क्रमप्राप्तच होते: हे यंत्र दिवसाकाठी किती बर्फाचे काम करते?

त्यातून व्याख्या निश्चित झाली. एक पौंड बर्फ वितळताना सुमारे १४४ ब्रिटिश उष्णता एकके शोषून घेतो. अमेरिकी टन २,००० पौंडांचा असल्यामुळे एक टन बर्फ २४ तासांत २,८८,००० एकके, म्हणजे तासाला १२,००० एकके उष्णता शोषतो. हाच शीतनाचा एक टन होय. आजच्या भाषेत सुमारे ३.५ किलोवॉट. भारतातील बाजारातही हाच अमेरिकी टन चालतो. ह्या व्याख्येत दोन गोष्टी गृहीत आहेत. टन हे परिमाणाचे नव्हे, तर दराचे माप आहे, आणि त्या दरामागे संपूर्ण दिवसाचे अखंड काम अभिप्रेत आहे. बर्फ सावकाश, सतत वितळत राहतो. तो थांबून थांबून वितळत नाही.

दुसऱ्या संज्ञेचा इतिहास अधिक उद्‌बोधक आहे. १९०२ साली ब्रुकलिनमधील सॅकेट-विल्हेल्म्स ह्या छापखान्यापुढे उष्म्याहून आर्द्रतेचा प्रश्न मोठा होता. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे, आणि रंगीत छपाईत एकावर एक येणारे रंग जागा सोडीत. बफेलो फोर्ज कंपनीतील तरुण अभियंता विलिस कॅरियर ह्याने थंड नळ्यांच्या वेटोळ्यावरून हवा नेऊन तिच्यातील बाष्प काढण्याची योजना आखली. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दप्रयोग मात्र त्याचा नव्हे. तो १९०६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील स्टुअर्ट क्रेमर ह्या वस्त्रोद्योगातील अभियंत्याने रूढ केला. सुतास योग्य ओलावा देण्याच्या क्रियेस गिरण्यांत ‘कंडिशनिंग’ म्हणत. तोच शब्द त्याने हवेस लावला. म्हणजे ही संज्ञा जन्मली तेव्हा तिचा मुख्य अर्थ गारवा हा नव्हता, तर आर्द्रतेचे नियमन हा होता. १९११ मध्ये कॅरियरने अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या सभेपुढे हवेचे तापमान, आर्द्रता व दवबिंदू ह्यांचे परस्परसंबंध सूत्रबद्ध केले. मराठीतील ‘वातानुकूलन’ ह्या शब्दातही ‘शीत’ हा घटक नाही, ही गोष्ट ह्या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

घरात ही विद्या सावकाश शिरली. मिनिॲपोलिस येथील चार्ल्स गेट्स ह्यांच्या हवेलीत १९१४ च्या सुमारास बसविलेले यंत्र जवळजवळ २० फूट लांब होते. आणि गृहस्वामी १९१३ मध्येच निवर्तले होते. सामान्य घरात अशा यंत्रास स्थान असणे शक्य नव्हते. १९२८ मध्ये टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या फ्रिऑन वर्गातील शीतकांमुळे विषारी वा ज्वालाग्राही वायूंचे भय उरले नाही आणि लहान यंत्रे शक्य झाली. ह्याच शीतकांनी ओझोनच्या थराची हानी होते हे पुढे उघडकीस आले व १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्यांच्यावर निर्बंध आले, हा त्या शोधाचा उत्तरार्ध होय.

ह्याच काळात मापनाचा प्रश्न विद्यापीठाने हाती घेतला. इलिनॉय विद्यापीठात उष्ण हवेच्या तापनव्यवस्थेचा अभ्यास करण्यासाठी अर्बाना येथे १९२४ मध्ये एक संशोधनगृह उभारले गेले होते. ए. पी. क्रॅट्झ व सेइची कोन्झो ह्यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्याच घरात उन्हाळी शीतनाचे प्रयोग केले. आरंभीच्या प्रयोगांत त्यांनी शीतनासाठी प्रत्यक्ष बर्फच वापरला. म्हणजे ‘टन’ येथे अक्षरशः टनच होता. घर हे क्षेत्रफळाचा आकडा नसून उष्णतेच्या आवकजावकीची एक व्यवस्था आहे, ही दृष्टी ह्या परंपरेने दिली. १९५४ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे गृहनिर्मात्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २२ वातानुकूलित घरांची वसाहत उभारली. तेथील घरे व यंत्रे निरनिराळी होती आणि टेक्सास विद्यापीठातील अभ्यासकांनी त्यांचे निरीक्षण केले. मध्यमवर्गीय घरास केंद्रीय वातानुकूलन परवडते काय, हा प्रश्न तेथे होता. आणि घराची बांधणी व यंत्राची क्षमता ह्यांचा विचार एकत्र केल्याविना त्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते.

ही विद्या पुढे कंत्राटदारांच्या हाती नियमावलीच्या रूपाने आली. ‘मॅन्युअल जे’ घराचा उष्णताभार काढावयास सांगते, ‘मॅन्युअल एस’ त्यावरून यंत्र निवडावयास, आणि ‘मॅन्युअल डी’ वातनलिकांची, म्हणजे डक्टची, मापे ठरवावयास. भिंतींची व छताची उष्णतारोधकता, खिडक्यांचे क्षेत्र व दिशा, फटींतून शिरणारी हवा, राहणाऱ्यांची संख्या आणि स्थानिक हवामान ही सर्व त्यात येतात. हवामान घेताना वर्षातील सर्वांत कडक क्षण घेतला जात नाही. वर्षाच्या तासांपैकी केवळ १ टक्का, म्हणजे सुमारे ८८ तास, ज्याच्या वर तापमान जाते ते तापमान आधारभूत धरतात. त्यामुळे योग्य क्षमतेचे यंत्र कडक उन्हाळ्याच्या दुपारी जवळजवळ अखंड चालते. हा त्याचा दोष नसून मूळ व्याख्येशी असलेली त्याची निष्ठा आहे.

व्यवहारात मात्र ह्या गणिताशेजारी एक ठोकताळा नांदत राहिला: दर ५०० चौरस फुटांस एक टन. ह्या हिशेबाने १,५०० चौरस फुटांचे प्रत्येक घर तीन टनांचे ठरते. मग त्याच्या खिडक्या पश्चिमेस असोत वा उत्तरेस, छतात उष्णतारोधन असो वा नसो. जुने यंत्र बदलताना त्याच्या पट्टीवरील आकडा उतरवून घेणे हा ह्याचाच दुसरा प्रकार होय. मधल्या काळात खिडक्या व छत सुधारले असले तरी तो आकडा कायम राहतो. ह्यामागे केवळ आळस नाही. यंत्र अपुरे पडल्यास पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार येते. ते अवाजवी मोठे असल्यास तक्रार कोणत्या शब्दांत करावी हेच घरमालकास कळत नाही. घर गार तर होते, पण अंगास चिकटा येतो, एवढेच त्यास जाणवते.

ह्या चिकट्याचे कारण यंत्राच्या कार्यपद्धतीतच आहे. हवेतून काढावयाची उष्णता दोन प्रकारची असते: तापमापकावर दिसणारी संवेद्य उष्णता आणि बाष्पात सामावलेली अप्रकट उष्णता. तापनियंत्रक फक्त पहिलीचीच दखल घेतो. अवाजवी मोठे यंत्र काही मिनिटांतच इच्छित तापमान गाठून थांबते. तेवढ्या अवधीत वेटोळ्यावर जेमतेम दव साचते; ते निथळून नळीवाटे बाहेर जाण्यापूर्वीच यंत्र बंद होते, आणि पंखा चालूच राहिल्यास तो ओलावा पुन्हा हवेत मिसळतो. घरमालक मग तापमान आणखी खाली आणतो व वीज अधिक खर्च होते. वारंवार चालू-बंद होण्याने कॉम्प्रेसरही झिजतो. गती बदलणाऱ्या आधुनिक यंत्रांनी हा दोष सौम्य केला आहे. परंतु त्यांच्याही किमान गतीस मर्यादा असते.

निवड योग्य झाली तरी बसवणीत ती वाया जाऊ शकते. सामान्यतः दर टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा वाहावी लागते. तीन टनांस १,२०० घनफूट. पूर्वीच्या लहान नळ्यांना मोठे यंत्र जोडल्यास एवढी हवा वाहतच नाही. माळ्यावरून नेलेल्या नळ्यांचे सांधे गळके असतील, तर विकत घेतलेला टन माळाच थंड करतो. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सदोष बसवणीमुळे घरातील तापन-शीतनाचा वीजवापर सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो असे दिसून आले.

हा प्रश्न अमेरिकेपुरता राहत नाही. नागपूरचा मे महिन्यातील कोरडा उष्मा आणि रत्नागिरीचा दमट उकाडा ह्यांना चौरस फुटांचा एकच आकडा लावणे म्हणजे अप्रकट उष्णता अस्तित्वातच नाही असे मानणे होय. पिंपापासून वजनापर्यंत आणि वजनापासून दरापर्यंत ‘टन’ ह्या शब्दाचा जो प्रवास झाला, त्यात प्रत्येक टप्प्यावर अर्थ नव्याने निश्चित करावा लागला. बाजारात तो पुन्हा केवळ आकारवाचक झाला आणि मोठा आकार म्हणजे अधिक सुख असे समीकरण रूढ झाले. उलट, वस्त्रोद्योगातून आलेल्या ‘कंडिशनिंग’चा मूळ अर्थ ओलाव्याशी निगडित होता. तो जागा ठेवणाऱ्या घरमालकाने कंत्राटदारास ‘किती टन?’ असे विचारण्यापूर्वी ‘हा आकडा कोणत्या हिशेबाने आला?’ असे विचारावयास हवे. तो हिशेब कागदावर मागून घेणे हीच योग्य निवडीची पहिली पायरी आहे.