रात्रीची लाईट, जळालेला डीपी आणि बिना-ग्वाल्हेरची तार

परवा बांधावर एका तरुण पोरानं विचारलं, "काका, शेतीलाच रात्रीची लाईट का?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितोय.

कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. पण तासगाव भागात मोटारी खऱ्या वाढल्या त्या द्राक्षाबरोबर. तास-ए-गणेश हा वाण तर आपल्याच तालुक्यातला. बागा वाढल्या, बोअर वाढले, तारा मात्र बऱ्याच ठिकाणी जुन्याच राहिल्या. आणि वीज काही कणगीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणाला जेवढी खपते, त्याच क्षणाला तेवढी तयार व्हावी लागते. मेळ बसला तर चाल ५० हर्ट्झवर राहते. ओढ वाढली की चाल पडते आणि मग कुणाची तरी लाईट काढावी लागते.

जून २००५ मध्ये वीज मंडळाचे भाग होऊन महावितरण आली. ते दिवस भारनियमनाचे. थ्री फेज काढायचे आणि घरांसाठी सिंगल फेज ठेवायचे. आपण काय केलं? कंडेन्सर बसवून त्याच सिंगल फेजवर मोटारी ओढल्या. मीही बसवला होता, खोटं कशाला बोलू? मोटार गुरगुरायची आणि गावातले बल्ब लालसर व्हायचे. मग गावठाणाचा फिडर वेगळा निघाला, शेतीचा वेगळा. शेतीचा फिडर सुटा झाला म्हणूनच तो पाळीनं चालवता आला. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. संध्याकाळी गावात दिवे लागतात तेव्हा आपला भार बाजूला सरकवलेला असतो. हिशेब बरोबर आहे. फक्त त्या हिशेबात काळोखात पाणी पाजायला जाणारा माणूस आणि पाटातला साप धरलेला नव्हता.

हीच गर्दी मोठ्या तारांवरही होते. ३० जुलै २०१२ ला उत्तरेकडची राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, आपल्या पश्चिमेकडं शिल्लक होती. दोन्हींच्या मधल्या काही तारा आधीच बंद, त्यामुळं सगळा लोंढा बिना-ग्वाल्हेरच्या ४०० केव्हीच्या तारेवर. ती सुटली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, या वेळी पूर्व आणि ईशान्यही गेली. साठ कोटींवर लोकांची वीज गेली. आपलं जाळं टिकलं, कारण दुवा तुटला तेव्हा शिल्लक आपल्या बाजूला होती. म्हणजे वीज तयार होती, न्यायला वाट नव्हती. दक्षिणेचंही तसंच दुखणं होतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची तार जोडली, तेव्हा कुठं सगळा देश एका चालीवर आला.

आता आपल्या डीपीकडं या. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या दहा-अकरा मोटारी रीतीनं चालतात. पण सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. प्रत्येकानं ऑटो स्विच लावलेला, त्यामुळं लाईट आली की सगळ्या एकदम उठतात. एका वर्षी मण्यात पाणी उतरायच्या वेळेलाच आमचा डीपी जळाला. टँकरनं बाग जगवली. शिव्या आम्ही वायरमनला घातल्या, आणि माझा ऑटो स्विच पेटीत तसाच होता.

आता सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फिडर दिवसा चालवायची योजना आहे. २०१७ ला सुरू झाली, २०२३ पासून जोर धरलाय. रात्र सुटेल. पण दिवसा लाईट आली तरी डीपी तोच आणि मोटारी त्याच. आमच्या डीपीवर सगळ्यांनी ऑटो स्विच काढलेत. लाईट आली की आधी ओढ्याकडच्या पाच मोटारी, दहा मिनिटांनी माळावरच्या. दोघं अजून ऐकत नाहीत, त्यातला एक माझा चुलत भाऊ आहे.